पाणी पिणारा सायलेन्सर

स्की बोटीत, म्हणजे पाण्यावर स्की करणाऱ्याला दोरानं ओढणाऱ्या बोटीत, पाऊल टाकलं की आधी ठेच लागते ती मधल्या खोक्याची. बोटीच्या ऐन पोटात गादी मढवलेली एक मोठी पेटी असते आणि तिच्यात आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बसवलेलं असतं. मोटारवाल्याला ही जागा वेडगळ वाटेल. प्रवाशांच्या मांडीला मांडी लावून इंजिन कोण ठेवतं? पण स्कीयरच्या सोयीपुढे इथे बाकी सगळ्यांची सोय दुय्यम आहे. वजन मध्यावर असलं की बोट पाण्यावर सपाट धावते, मागे उठणारी लाट लहान राहते आणि दोराच्या टोकाला लटकलेला माणूस ती कापून सफाईनं इकडून तिकडे जाऊ शकतो. दोर अडकवायचा खांबही इंजिनाशेजारीच रोवलेला असतो. त्यामुळे स्कीयरनं बाजूला कितीही हिसडा दिला तरी बोटीची शेपटी फारशी सरकत नाही.

या सोयीची भरपाई धुराला करावी लागते.

सिलिंडरमधून निघालेला वायू ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. त्याला मागच्या भिंतीतून, म्हणजे ट्रान्सममधून, बाहेर पडायचं असतं. तिथपर्यंतचा अडीच मीटरभराचा रस्ता फळ्यांच्या खालून, मागच्या बाकाच्या खालून आणि पेट्रोलच्या टाकीला खेटून जातो. मोटारीच्या सायलेन्सरभोवती वारा खेळता असतो. इथे खाली पाणी, वर माणसं आणि मध्ये एक बंद पोकळी. त्या पोकळीतून लाल तापलेली लोखंडी नळी नेणं म्हणजे आत्महत्येची तयारीच. म्हणून बोटबांधणीवाल्यांनी वेगळी युक्ती काढली. ज्या पाण्यावर बोट तरंगते, तेच पाणी त्यांनी धुरात ओतलं.

तळातल्या एका झडपेतून तलावाचं पाणी आत येतं. रबरी पंख्याचा एक लहानसा पंप ते ओढून घेतो आणि इंजिनात फिरवतो. इंजिन थंड करून झाल्यावर हे पाणी वाया जात नाही. ते सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या दुहेरी भिंतीतून फिरतं, वरच्या कोपराच्या आकाराच्या नळीपर्यंत चढतं आणि तिथे धुराच्या वाटेत पहिल्यांदा मोकळं सुटतं. त्या कोपरापुढे धूर आणि पाणी एकत्र वाहतात. त्यात धूर इतका निवतो की पुढची नळी चक्क रबराची असते. चालू बोटीच्या शेपटीतून धुराबरोबर पाण्याच्या चुळा पडताना दिसतात, त्या याच.

आकडे मांडले तर ही युक्ती किती बेमालूम आहे ते कळतं. ५.७ लिटरचं इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर ते मिनिटाला साधारण ९,००० लिटर हवा ओढतं. ७०० अंशांना तीच हवा फुगून सुमारे ३०,००० लिटर होते. पाण्यानं तिला ७० अंशांवर आणलं की उरतात जेमतेम साडेदहा हजार लिटर. म्हणजे पाणी नळीला जळू देत नाही आणि शिवाय धुराचं आकारमानही तिसऱ्या हिश्शावर आणून ठेवतं. या थंडाव्यासाठी पाण्याला काय सोसावं लागतं? मिनिटाला ८० लिटर पाणी वाहत असेल, तर त्याचं तापमान फक्त वीसेक अंशांनी वाढतं.

आपल्याकडे तारकर्ली किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर पॅरासेल ओढणाऱ्या बोटी ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हा सगळा खटाटोप अनोळखी वाटेल. त्या बोटींना मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन असतं. बहुतेक आउटबोर्डांचा धूर पंख्याच्या पोकळ तुंब्यातून थेट पाण्याखाली सुटतो. तिथे नळ्या टाकायचा प्रश्नच नाही, त्यामुळे त्यात हौसेनं बदल करायलाही वाव नाही. एक्झॉस्टशी खेळायची खाज आहे ती पोटात इंजिन असलेल्या बोटींच्या मालकांना, आणि त्यांचं माहेर आहे अमेरिका.

हा खेळही तिथलाच. मिनेसोटा राज्यात लेक पेपिन नावाचं तळं आहे. १९२२च्या २ जुलैला राल्फ सॅम्युअलसन नावाचा तरुण तिथे पाण्यावर उभा राहिला. एकोणिसावा वाढदिवस एका दिवसावर आलेला, पायांत लाकडी फळ्या आणि बोट चालवायला भाऊ. आधी त्यानं पिंपाच्या पट्ट्या आणि बर्फावरच्या स्की वापरून पाहिल्या होत्या आणि दर वेळी तो बुडाला होता. शेवटी फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात धरून वर वळवली आणि अंग मागे झुकवलं, तेव्हा जमलं. तीन वर्षांनी, १९२५ मध्ये, त्यानं एका उडत्या बोटीच्या, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या कर्टिस विमानाच्या मागे, ताशी १२८ किलोमीटर वेगानं स्की केलं. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या पाइन कॅसलमध्ये वॉल्टर मेलून यांनी बोटी बांधायचा कारखाना काढला. तोच पुढे करेक्ट क्राफ्ट म्हणून नावारूपाला आला. दुसऱ्या महायुद्धात ऱ्हाईन नदी ओलांडण्यासाठी अमेरिकी लष्कराला घाईघाईनं शेकडो होड्या हव्या होत्या, त्यातल्याही पुष्कळशा याच कारखान्यातल्या. १९६१ मध्ये या कंपनीनं मायामीच्या लिओ बेंट्झकडून फायबरग्लासच्या एका बोटीचा आराखडा विकत घेतला. तीच स्की नॉटिक. १९६८ मध्ये टेनेसीत रॉब शर्लीनं मास्टरक्राफ्ट सुरू केली आणि खास स्कीइंगसाठी बांधलेल्या बोटींची चुरस रंगली.

या बोटींचं इंजिन समुद्रासाठी म्हणून जन्माला आलेलं नसतं. फोर्डचं ३५१ किंवा शेवर्लेचं ३५० घनइंची व्ही-८, जे अमेरिकन मोटारींत आणि पिकअपांत असायचं, तेच पितळी प्लग, पाण्याचे मॅनिफोल्ड आणि ठिणगी बाहेर न सांडणारी वीजजोडणी लावून बोटीत उतरवलं. मोटारीचं इंजिन आलं, त्यापाठोपाठ मोटारीचे शौकही आले.

व्ही-८ म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा. प्रत्येक रांगेला आपापला मॅनिफोल्ड आणि आपापला कोपर. इथून पुढे बोटबांधणीवाल्यासमोर दोन रस्ते असतात. दोन्ही बाजूंचा धूर वाय आकाराच्या जोडनळीत एकत्र करून एकाच मोठ्या नळीनं मागे न्यायचा, किंवा दोन्ही बाजू शेवटपर्यंत वेगळ्या ठेवून ट्रान्समला दोन भोकं पाडायची. पहिल्यात नळी कमी, सायलेन्सर एक, भोक एक आणि आवाजही मवाळ. ज्यांनी हा रस्ता धरला त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. तरीही अशी बोट जुनी होऊन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली की कधीतरी तिच्या ट्रान्समसमोर कोणीतरी हातात ड्रिल घेऊन उभा राहतोच.

का? विचारलं तर उत्तर मिळतं, ताकद वाढते. खरं उत्तर आहे आवाज.

अमेरिकन व्ही-८चा तो गुरगुराट कुठून येतो हे पाहण्यासारखं आहे. शेवर्लेच्या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा. विषम आकड्यांचे सिलिंडर डाव्या रांगेत, समांचे उजव्या. क्रँकच्या दर ९० अंशांना एक स्फोट, त्यामुळे सगळं इंजिन मिळून पाहिलं तर ताल अगदी समान असतो. पण नुसत्या डाव्या रांगेकडे कान लावला तर पहिल्या स्फोटानंतर २७० अंश शांतता, मग १८०, मग ९०, मग पुन्हा १८०. म्हणजे एक लांब विराम, पाठोपाठ दोन ठोके जवळजवळ, आणि परत सुरुवात. उजवी रांगही अशीच लंगडत चालते, फक्त वेगळ्या जागेवर. वाय नळीत दोन्ही प्रवाह एकत्र आले की दोन लंगड्या चाली एकमेकींच्या फटी भरून काढतात आणि बाहेर पडते एकसंध घरघर. नळ्या वेगळ्या ठेवल्या की प्रत्येक भोकातून ती अडखळती लय जशीच्या तशी ऐकू येते. पाण्याच्या चुळा तिला आणखी जाड करतात. हे एकदा कानाला लागलं की सुटत नाही, हे बुलेटवाल्यांना सांगायला नको.

ताकदीचं काय? नळीची रुंदी वाढते हे खरं. तीन इंची एका नळीचं तोंड सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर, चार इंची नळीचं ८१, आणि तीन इंची दोन नळ्यांचं मिळून ९१. म्हणजे आधी तीन इंची एकच नळी असेल तर वाट दुप्पट झाली. चार इंची असेल तर वाढ आठव्या हिश्शाची. पण स्कीची बोट या वाटेवर पूर्ण दाबानं कधी धावते? स्पर्धेत पुरुषांच्या स्लालमचा, म्हणजे नागमोडी स्कीइंगचा, सर्वाधिक वेग ताशी ५८ किलोमीटर आणि स्त्रियांचा ५५. २५९ मीटरचा तो मार्ग बोट सोळा सेकंदांत पार करते आणि त्या वेळी इंजिन अर्धंमुर्धंच उघडलेलं असतं. खरा जोर लागतो तो स्कीयरला पाण्यातून उपसून उभं करताना, तेही कमी फेऱ्यांवर, जिथे धूर मुळातच थोडा असतो आणि नळीची रुंदी कोणाच्या आड येत नाही. मूळचा सायलेन्सर गंजून किंवा आतले पडदे तुटून चोंदला असेल तर बदलल्यावर फरक कळेल. पण तो नव्या नळीचा पराक्रम नव्हे. निव्वळ वेगासाठी हा खर्च करणाऱ्याला कोणी तरी आधीच अडवायला हवं. आवाजासाठी करणाऱ्याला अडवण्यात अर्थ नाही. फक्त काम नीट झालं पाहिजे.

नीट होण्याची पहिली पायरी म्हणजे मागचं बाक काढून टॉर्च घेऊन आत शिरणं. बाहेरून ट्रान्सम कोऱ्या पाटीसारखा दिसतो. आतून त्याच्यामागे पेट्रोलची टाकी, सुकाणूचा सांधा, उचलकडीचे बोल्ट, पोहण्याच्या फळीचे ब्रॅकेट आणि तळाला ताकद देणारे लांबट कणे अशी दाटी असते. दोन नळ्या टाकीच्या दोन अंगांनी जाणार, तर दोन्ही बाजूंना तेवढी फट आहे का हे आधी मोजायचं. सायलेन्सर बसवायचे असतील, आणि ते बसवायलाच हवेत, तर त्यांचा घेर नळीपेक्षा बराच मोठा असतो. पुष्कळांचा उत्साह इथेच मावळतो आणि उरलेल्यांचं काम इथेच सुरू होतं. बाजारात ठरावीक वळणांच्या नळ्या मिळतात, पण आपल्या बोटीतल्या कोनाकोपऱ्यांत बसेल अशी वळणं क्वचितच त्यांच्यात सापडतात. मग फायबरग्लासची किंवा ३१६ जातीच्या स्टेनलेसची नळी मापानं करून घ्यावी लागते.

मापापेक्षा उतार महत्त्वाचा. कोपरापासून ट्रान्समपर्यंत नळी सतत खाली उतरत गेली पाहिजे. कामकऱ्यांचा ठोकताळा दर फुटाला अर्धा इंच असा आहे. अडीच मीटरला दहा सेंटिमीटर झाले. आकडा लहान वाटतो, पण स्की बोटीचं इंजिन मुळातच खाली बसलेलं असतं, त्यामुळे कोपर आणि पाण्याची पातळी यांत उधळायला फारशी उंची नसते. वाटेत एखादा कणा आडवा आला म्हणून नळी जराशी वर उचलून पुन्हा खाली सोडली, की त्या झोळात पाणी साठून राहतं. पाणी साठण्याची परवानगी फक्त सायलेन्सरच्या पोटात.

रबरी नळी म्हणजे कुठलीही रबरी नळी नव्हे. बोटीच्या एक्झॉस्टसाठीच बनवलेली, आत तारेचं वेटोळं असलेली, एसएई जे२००६ असा शिक्का मारलेली नळी लागते. पंपाचा पंखा तुटून पाणी अचानक थांबलं तरी चालू इंजिनाचा कोरडा धूर तिनं दोन मिनिटं सोसावा, अशी तिची परीक्षा घेतलेली असते. दोन मिनिटं म्हणजे चालकाला तापमानाच्या काट्याकडे बघून इंजिन बंद करण्यापुरता वेळ. अमेरिकेत बोटींच्या जुळणीचे दंडक घालून देणाऱ्या एबीवायसी या संस्थेच्या नियमात नळीच्या प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिपा सांगितल्या आहेत, त्याही किमान अर्धा इंच रुंद. एक क्लिप पुरते असं वाटणाऱ्यानं लक्षात घ्यावं की ती सुटली तर बोटीच्या पोटात एकाच वेळी पाणी आणि विषारी वायू दोन्ही भरू लागतात.

भोक पाडण्याआधी पेट्रोलचा बंदोबस्त. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात साचते आणि ड्रिलची एक ठिणगी तिला पुरते. याच कारणासाठी अमेरिकन तटरक्षक दलाच्या सूचनेनुसार इंजिन चालू करण्याआधी चार मिनिटं ती वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर चालवायचा असतो. भोक पाडायच्या दिवशी तर टाकी बाहेर काढलेली उत्तम. भोकाची जागा आतून एक बारीक छिद्र पाडून नक्की करायची, मग बाहेरून चिकटपट्टी लावून होल सॉ फिरवायचा, नाहीतर जेलकोटचे, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराचे, टवके उडतात. आणि भोक पडल्यावर जी कड दिसेल ती नीट पाहायची. १९७०-८०च्या दशकांतल्या पुष्कळ बोटींच्या ट्रान्सममध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. ते प्लाय ओलं, काळं पडलेलं निघालं तर एक्झॉस्टचं काम तिथेच थांबवून ट्रान्समचं काम हाती घ्यावं लागतं. कोरडं निघालं तर उघडी पडलेली कड इपॉक्सीनं दोन-तीनदा पाजून बंद करायची आणि मगच बाहेरचं तोंड सीलंटमध्ये बसवून बोल्टनं आवळायचं. ही अर्ध्या तासाची पायरी गाळली, तर आवाज झकास येतो आणि पाचेक वर्षांत ट्रान्सम आतून कुजतो.

यापुढचा धोका थोडा आडवळणाचा आहे. नळीतून पाणी बाहेर जातं, तसंच ते मागेही येऊ शकतं.

बोट वेगात असताना चालकानं एकदम वेग सोडला की ती थबकते आणि तिचीच लाट मागून येऊन ट्रान्समवर चढते. ही लाट नळीत घुसू नये म्हणून बाहेरच्या तोंडावर रबरी पापणी लावतात. धूर तिला उघडतो, लाट तिला मिटवते. जुन्या पापण्या उन्हानं कडक होऊन तुटतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी वाट आतली. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधीच इनटेकचा उघडतो, आणि त्या क्षणभरात सिलिंडर धुराच्या नळीतूनच उलटा श्वास घेतो. मूळ इंजिनाचा कॅमशाफ्ट मवाळ असतो, त्यामुळे हा श्वास लहान असतो. पण एक्झॉस्टबरोबर शर्यतीचा कॅमही टाकण्याचा मोह झाला, की मंद फेऱ्यांवर हा श्वास लांबतो आणि कोपरात मोकळं सुटलेलं पाणी थेंबाथेंबानं मागे, व्हॉल्व्हपर्यंत, ओढलं जातं. आधी व्हॉल्व्हच्या बैठकी गंजतात, मग ऑइल दुधाळ होतं. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असताना स्टार्टर मारला तर पिस्टन वर येतो आणि मध्येच अडतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तिसरी वाट अगदी साध्या चुकीची आहे. इंजिन चालू होत नाही म्हणून स्टार्टर मारत राहायचं. पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. नळी भरते, सायलेन्सर भरतो, आणि शेवटी पाणी इंजिनाकडे वळतं.

दोन नळ्या झाल्या की पाण्याची वाटणीही दोन ठिकाणी तपासावी लागते. वाय नळीच्या काळात एका कोपरात पाणी थोडं कमी आलं तरी पुढे दोन्ही प्रवाह मिसळून भागत असे. आता प्रत्येक बाजू आपल्या जिवावर आहे. एका कोपरातली वाट गंजाच्या खपल्यांनी अर्धी बुजली असेल तर त्या बाजूची रबरी नळी तापते, दुसरी गार राहते. इन्फ्रारेड थर्मामीटरनं दोन्ही नळ्यांचं तापमान घेतलं की वाटणी चुकली आहे का ते दोन मिनिटांत कळतं. नुसता हात लावूनही समजतं: ज्या नळीवर हात ठेववत नाही, तिला पाणी कमी पडतं आहे.

हे झालं यंत्राचं. माणसाचं प्रकरण याहून गंभीर आहे.

कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात मिश्रण दाट असेल तर धुराच्या शंभर भागांत पाच भागांपर्यंतही कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, म्हणजे दहा लाखांत ५०,००० भाग. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेनं जिवाला तत्काळ धोका मानलेली मर्यादा आहे दहा लाखांत १,२०० भाग. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक जोरानं चिकटतो. पाणी धुराला निववतं, काजळी थोडी धुतं, पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात विरघळत नाही म्हणण्याइतका कमी विरघळतो. चुळांबरोबर तो जसाच्या तसा बाहेर येतो, आणि येतो कुठे? ट्रान्समच्या मागे, पोहण्याच्या फळीखाली, बरोबर जिथे माणसं पाय सोडून बसतात.

युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरच्या लेक पॉवेलमध्ये ऑगस्ट २००० मध्ये दोन लहान भावांचा एका हाउसबोटीच्या मागे पोहताना मृत्यू झाला. जनरेटरचा धूर मागच्या फळीखालच्या पोकळीत सोडलेला होता. त्यानंतर निऑश आणि नॅशनल पार्क सर्व्हिसनं तिथल्या जुन्या नोंदी उकरल्या, बोटींमागची हवा मोजली आणि ध्यानात आलं की बुडून मृत्यू म्हणून मिटवलेल्या काही प्रकरणांत बुडण्याआधीच माणूस बेशुद्ध झालेला होता. डोकेदुखी आणि मळमळ ही पहिली लक्षणं. दिवसभर उन्हात, पाण्यावर, हातात बिअर असलेल्या माणसाला त्यात वेगळं काही वाटत नाही. चालत्या बोटीच्या मागच्या फळीला धरून लाटेवर अंग घासत जाण्याचा एक खेळ तेव्हा लोकप्रिय होता. कॅलिफोर्नियानं २००४ मध्ये कायदा करून तो बंद केला.

स्की बोटीमागे दोराला असलेला माणूस सुरुवातीला १८.२५ मीटर अंतरावर असतो, तो बराचसा सुरक्षित. धोका बोटीत बसलेल्यांना आणि फळीवरच्यांना. बोट पुढे जाताना तिच्यामागे हवेची एक पोकळी तयार होते आणि ती धूर परत आत ओढते. म्हणून दोन तोंडं कुठे बसवायची याचा विचार दिसण्यापलीकडे जातो. फळीच्या बरोबर मध्याखाली नकोत, शक्यतो बाहेरच्या अंगाला हवीत. आणि बोट नुसती उभी असताना, फळीवर कोणीही असेल तर, इंजिन बंद. याला नळ्या एक असोत की दोन, काही पर्याय नाही.

आवाजाचा कायदा मात्र आपल्याला ओळखीचा वाटेल. पुण्या-नागपुरात पोलिसांनी बदललेल्या सायलेन्सरांच्या रांगा रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. अमेरिकेत रोडरोलर नाही, पण डेसिबलमापक घेऊन फिरणारी जलपोलिसांची बोट असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९९३ पूर्वी बनवलेल्या इंजिनांना उभ्या चाचणीत ९० डेसिबल, त्यानंतरच्यांना ८८, आणि किनाऱ्यावरून मोजलं तर ७५. दोन डेसिबलचा फरक नगण्य वाटतो, पण ही मोजपट्टी अशी आहे की तीन डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट. फ्लोरिडा, जिथे या बोटी जन्मल्या, तिथला कायदा सायलेन्सर टाळून धूर बाहेर काढणाऱ्या कटआउटला सरळ मनाई करतो. सूट फक्त अधिकृत शर्यतीपुरती. तळ्याकाठी घर घेतलेल्यांची तक्रार हे या कायद्यांमागचं खरं इंजिन. नव्या दोन नळ्यांमध्ये फायबरग्लासचे दोन सायलेन्सर बसवले तर ही मर्यादा बहुधा पाळता येते आणि ती लंगडी लयही कानाला लागते. सायलेन्सर गाळून नुसत्या नळ्या मागे काढणारा माणूस पहिल्या रविवारी शेजाऱ्यांचा शत्रू होतो.

हा सगळा खेळ जुन्या बोटींपुरताच. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २०१० सालच्या मॉडेलांपासून पोटात इंजिन असलेल्या पेट्रोल बोटींच्या धुरावर मर्यादा घातली. कॅलिफोर्निया त्याच्याही आधीपासून कडक होतं. त्यामुळे नव्या बोटींच्या मॅनिफोल्डमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. धुरात पाणी मिसळायच्या आधी, गरम असतानाच, धूर त्यातून जावा लागतो, आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर त्याच्यावर पहारा ठेवतात. तिथे मॅनिफोल्ड बदलणं म्हणजे कायद्याचा भंग आणि इंजिनाच्या संगणकाशी भांडण. ज्यांना कान तृप्त करायचे आहेत ते म्हणून १९८०-९०च्या दशकांतल्या बोटी शोधत फिरतात.

आणि त्यांच्यापैकी काहींची मुलं आता स्की करत नाहीत. त्यांना वेकसर्फिंग हवं असतं, म्हणजे बोट ताशी सोळा-अठरा किलोमीटरनं हळू चालवायची आणि तिच्या शेपटीपासून दोन-तीन मीटरवर, तिच्याच लाटेवर, दोर सोडून उभं राहायचं. बरोबर धुराच्या तोंडाशी. यावर बाजारात आलेला उपाय असा, की ट्रान्समच्या दोन्ही तोंडांना बाहेरून एक आडवी नळी जोडून दोन्ही प्रवाह एकत्र करायचे आणि तिथून एकच नळी खाली, पाण्याच्या पातळीखाली, सोडायची. पंख्यानं मागे फेकलेल्या पाण्याबरोबर धूर दूर वाहून जातो आणि मागेच कुठेतरी वर येतो. फळीजवळची हवा बरीच स्वच्छ राहते. आवाज पाण्यात दबतो, आणि दोन रांगांची वेगळी केलेली लय पुन्हा एकाच नळीत मिसळून जाते. मालक कुरकुरतो, पण मुलांसाठी ती नळी लावतो.